आतून उघडणारा पोशाख

सिनेमातल्या परग्रहावरच्या बाईला चेहरा नसला तरी चालतं, पण तिच्या आत शिरणाऱ्या बाईला पोट असतं. म्हणून ताई वर्षानुवर्षं रबरी कातडीत शिरत राहिल्या. कधी तीन डोळ्यांची राणी, कधी शेपटीवाली दाई. सिनेमे गाजले, ताईंना मात्र शेजारीणही ओळखत नसे. "तुला तोंड झाकायचेच पैसे मिळतात," असं सख्खी बहीण चिडवायची आणि ताईच सगळ्यांत मोठ्यानं हसायच्या.

ते हसू एका चित्रीकरणात आटलं. ताई आणि त्यांचा नेहमीचा जोडीदार, दोघं जाड हिरव्या पोशाखांत, दिव्यांच्या भट्टीत उभे होते. पोशाख पाठीमागून शिवून टाकलेले, कारण चेन कॅमेऱ्यात दिसते म्हणे! दोघांनी एकमेकांकडे नुसतं बघायचं होतं. मध्येच जोडीदारानं दोन्ही हातांनी छाती बडवली. ताईंना वाटलं, गड्याला काहीतरी नवीन सुचलंय. त्यांनीही तशीच छाती बडवून उत्तर दिलं. दिग्दर्शक खूश. जोडीदार पुन्हा बडवू लागला, ताईही बडवू लागल्या. मग तो कोसळला. शिवण उसवेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय दुबळं होतं, असं म्हणून मंडळी मोकळी झाली.

प्रेक्षकांनी नेमका तोच प्रसंग डोक्यावर घेतला. काय अभिनय, काय अभिनय! आता कुठे लोक ताईंना ओळखू लागले; चाहते भेटले की छाती बडवून त्यांना सलाम करायचे आणि ताई रस्ता बदलायच्या.

त्यांनी कामं सोडली आणि असल्याच पोशाखांचा कारखाना काढला. चेन पुढून, आतून उघडणारी. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली, मग मागणी वाढत गेली. तयार झालेला प्रत्येक पोशाख ताई आधी स्वतः घालून बघत. आतल्या अंधारात जोडीदार समोर उभा असायचा, छाती बडवत. ताई घाईघाईनं चेन ओढून बाहेर येत आणि कारागिरांना सांगत, "काखेत जरा घट्ट होतोय."

शिवणकामावर जोडीदाराची बायको होती. ताईंनीच तिला आग्रहानं बोलावून आणलं होतं. वहिनी कामाला वाघ आणि जिभेला धार. नवऱ्याबद्दल त्या सहज, रोजच्यासारखं बोलायच्या, आणि तेवढं ऐकायला मिळावं म्हणून ताई दुपारी मशीनपाशी जाऊन बसायच्या. खरं सांगितलं तर वहिनी उठून जातील, ही एकच धास्ती. न सांगावं तर घास उतरत नव्हता.

तो सिनेमा पुन्हा लागणार म्हणून एक वार्ताहर येऊन गेला. "तुमच्या जोडीदाराची ती शेवटची अदाकारी," असं म्हणत त्यानं बसल्याबसल्या छाती बडवून दाखवली. तो गेला आणि ताईंना राहवेना.

"वहिनी, तो अभिनय नव्हता. त्याचा जीव गुदमरत होता. मला कळलंच नाही. मी त्याची नक्कल करत राहिले."

वहिनींनी मशीन थांबवलं. दातांनी दोरा तोडला.

"पहिल्याच खेळाला मी ओळखलं होतं," त्या म्हणाल्या. "ह्यांना अभिनय कधी जमलाय, ताई? तुम्ही तर इतकी वर्षं शेजारी उभ्या होतात."

मशीन पुन्हा सुरू झालं. वहिनी उठून गेल्या नाहीत. गेल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं.