माझ्या पानावर नसलेलं बटण

उपसरपंच फोनवर बोलायला बाहेर गेले होते. ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर त्यांचं पान उघडंच राहिलं. नळाच्या अर्जांचं पान. तेच पान मीही माझ्या नावानं रोज उघडायची. मला तिथं नुसती नावं दिसायची. त्यांच्या पानावर प्रत्येक नावापुढं हिरवं बटण होतं. ‘मंजूर’.

मी सरपंच. ते उपसरपंच.

ते आत आले. मी विचारलं, "हे बटन माह्या पानावर काहून नाही?"

"मीच काढाले लावलं. तुले काय समजते त्यातलं? तू आपली झेंड्याले येत जाय."

कॉम्प्युटर चालवणारा ऑपरेटर मान खाली घालून हसला.

राखीव जागा निघाली म्हणून मी निवडून आले. आमची वस्ती नाल्यापलीकडं. दिवाळी झाली की अर्धी वस्ती ऊसतोडीला जाते. ऑपरेटरनं सुरुवातीलाच सांगितलं होतं, "ताई, मंजुरी तालुक्याहून येते. आपल्या हातात काई नाही." मी खरं मानलं. गावात घरोघरी नळ आले. वस्तीचे अर्ज तसेच.

त्यात माझ्या मावशीचा अर्ज होता. आई तोडीला गेली की तीच मला सांभाळायची. भेटली की विचारायची, "आली का वं मंजुरी वरून?" मी म्हणायची, "येईन मंजुरी."

उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. पायऱ्या उतरून ती हंडा भरत होती. पाय घसरला. जीपमध्ये निजवून शेलूबाजारला नेलं, तिथून वाशिमला. ती परत आली नाही.

आता ते हिरवं बटण माझ्यासमोर होतं. म्हणजे वर कुणीच नव्हतं. मंजुरी या खोलीतच होती. माझ्यापासून झाकलेली.

उपसरपंच खुर्चीत बसले. मी उभीच होते. "वस्तीतलं एखांदं नाव कराचं असन त दाब. हरकत नाही. मंजुरीखाली नाव माहंच लागते."

पडद्यावर मावशीचं नाव होतं. माझा हात माउसवर गेला. मग मी तो मागं घेतला.

"तुमच्या पानावरून नाही. माह्या पानावर आना."

"नाही आनलं त?"

"त ग्रामसभेत दोनी पानं भिंतीवर दाखवीन."

त्यांच्या पानाचा फोटो तिथंच मोबाइलवर काढला आणि ग्रामसभेत दोन्ही पानं दाखवली. आधी माझं, मग त्यांचं. वस्तीतल्या बाया समोर बसल्या होत्या. मावशीच्या सुनेनं पदर तोंडाला लावला. ग्रामसेवक म्हणाले, "अधिकार सरपंचांचाच आहे."

मी विचारलं, "मंग इतके दिवस तुमी पाहून राह्यले होते ना?"

त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

दुसऱ्या दिवशी माझ्या पानावर बटण आलं. वस्तीचे सगळे अर्ज मी मंजूर केले. मावशीच्या नावाशी आले आणि काही वेळ मला पडदाच दिसेना.

"झालं ना समाधान?" उपसरपंच म्हणाले. "आता सोड."

सोडलं नाही. बटण कुणी काढायला लावलं, कुणी काढलं, कुणी पाहून गप्प बसलं, सगळं तक्रारीत लिहून दिलं. आता घरी माणसं येतात, समजावतात. गावाचं नाव खराब होईल म्हणतात. होऊ द्या. मावशीला विहिरीनं मारलं नाही. तिला पंचायतीच्या खोलीत मारलं. चौकशीला जो साहेब येईल, त्याच्या तोंडावर मी हेच म्हणणार आहे. सरपंच म्हणून. उभी राहून नाही, खुर्चीत बसून.