बायकोचं म्हणणं शेवटी

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, मग आमच्या गावात मराठी शाळा आली, तिथं मी चौथीपर्यंत शिकले. त्या शिकण्यावर पोथ्या वाचल्या, पेपर वाचला. कादंबरी एकच वाचली, मागच्या उन्हाळ्यात, आणि तिचा राग अजून गेलेला नाही.

नात बजाजनगरहून एक पिशवी घेऊन माहेरी आली होती. नवऱ्यानं मारलं होतं. डावा कान सुजून जांभळा पडला होता. नुसती पडून राहायची, म्हणून तिच्या आईनं औरंगपुऱ्यातल्या वाचनालयातून कादंबरी आणून दिली. ती वाचेना, मग मी उघडली.

पहिला भाग नवरा सांगतो. दुसऱ्यात ‘मी’ म्हणणारी बाई निघाली. मला वाटलं, बांधणाऱ्यानं भलत्याच पुस्तकाची पानं घातली.

नात म्हणाली, "आजी, आता सासू सांगतीय. गोष्ट तीच, ज्याची त्याच्या तोंडून."

"मग खरं कोणाचं?"

"ते आपण ठरवायचं."

सासूचा भाग खरा होता. सुनेनं डब्यांच्या जागा बदलल्या की जीव कसा जळतो, हे लिहिणाऱ्याला कुठून कळलं कोण जाणे. तो मी दोनदा वाचला. तिसरा शेजारच्या मास्तरचा. नवरा बायकोला मारतो ते भिंतीपलीकडून सगळं ऐकतो, पानंच्या पानं स्वतःच्या मनाबद्दल बोलतो, पण उठून दार काही वाजवत नाही. आणि नवऱ्याचं तर इतकं गोड लिहिलंय, बाप दारुडा, लहानपण उपाशी, नोकरी गेलेली, की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. त्याचीच चीड आली. जिनं मार खाल्ला तिला शेवटची थोडी पानं. तोवर आपण सगळ्यांना माफ करून बसलेलो.

सासर-माहेरचं भांडण मिटवायला आमच्यात बैठक बसते, तिची रीतही हीच. पुरुष सतरंजीवर बसतात, आधी जावयाचं ऐकतात, मग वडीलधाऱ्यांचं. जिचा प्रश्न, ती आत चहा करते. शेवटी कप न्यायला आली की तिला विचारतात, "काय गं, जाशील ना?"

रविवारी अशाच बैठकीला जावई आणि व्याही येणार होते. माझा मुलगा, नातीचा बाप, म्हणाला, "माय, जावयाचीबी बाजू आसंलच की. ऐकून घेऊ."

"घेऊ की. शेवटी. आधी पोरगी बोलंल, बाहेर बसून."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणावं म्हातारीचं डोकं फिरलंय. चहा मी करते."

नात सतरंजीवर बसली तसे व्याही म्हणाले, "सूनबाईनं आत बसावं. मोठी माणसं बोलायलीत."

मी चुलीपासूनच म्हणाले, "पाहुणे, कान तिचा सुजलाय, तुमचा नाय."

नात बोलली. अडखळली, पण सगळं बोलली. त्या कानानं अजून नीट ऐकू येत नाही, तेही. मग जावई बोलला. कंपनीतून काढलं होतं, ते त्यानं घरी लपवलं होतं. सांगताना रडला. खरं रडला. पुस्तक वाचलं नसतं तर मी त्याला नाटकी म्हटलं असतं, तेवढं त्या पुस्तकाचं मी मान्य करते. पाणी नेऊन दिलं.

पण नातीचं सगळ्यांनी आधीच ऐकलेलं होतं. "जाशील ना?" असं विचारायला कोणाचं तोंड उघडेना. व्याही उठले, चपला घालता घालता म्हणाले, "मग आम्ही काय समजावं?"

माझा मुलगा खाली बघत म्हणाला, "ती इथंच राहील."