भाजीचं पाणी

मागच्या वर्षी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत एक संशोधन सुरू झालं. लोकांना जास्त फळं-भाज्या खायला कसं लावायचं, हे शोधायला एका संस्थेच्या मुली दर आठवड्याला घरोघरी यायच्या. भाजीची पिशवी फुकट द्यायच्या, नवनवीन कृती शिकवायच्या आणि कुणाच्या पोटात काय गेलं ते टॅबवर टिपून न्यायच्या. सगळ्या गल्लीत आईचा उत्साह दांडगा. घरात माणसं किती, हे त्यांनी विचारलं. आजारी कोण आहे, हे विचारलं नाही आणि आईनंही सांगितलं नाही. घरातलं दुखणं परक्यांना सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मला ती कधीच आवडली नाही.

आजारी होते वडील. त्यांच्या किडन्या थकल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, भाजी भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी काढून टाका. भाजीतलं पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं. ते रक्तात वाढलं तर हृदय एकाएकी बंद पडू शकतं. आईनं डॉक्टरांचा शब्द खाली पडू दिला नाही. वडिलांच्या ताटात पालकाचा नुसता चोथा यायचा.

"गवत खातोय मी," ते म्हणायचे, पण मुकाट्यानं संपवायचे.

तरी दर तपासणीला पोटॅशियम चढलेलंच. त्यांचे पाय जड झाले, जिना चढताना मध्येच थांबायला लागले. माझा संशय त्यांच्यावरच. शहागंजात मित्राच्या दुकानात जाऊन बसायची त्यांना सवय होती, आणि दुकानासमोर केळ्यांचे गाडे. केळ्यात पोटॅशियम भरपूर. एकदा मी सरळ विचारलं.

"केळाला हात बी लावला नाय," ते म्हणाले. "शपथ घेऊ का?"

मी विश्वास ठेवला नाही. घरात पोलीस झाले मी. त्यांचे खिसे हुंगायचे आणि मनातली भीती त्यांच्यावर ओरडून बाहेर काढायचे.

त्या रविवारी वडील ओट्याजवळ पाटावर जेवायला बसले होते. आई पुढच्या भाकरीचं पीठ मळायला बसली. तिनं पातेलं उचललं आणि परातीतल्या ज्वारीच्या पिठात वाफाळतं पाणी ओतलं. पाणी हिरवं होतं.

"हे कसलं पाणी गं?"

"यांच्या पालकाचं. त्या पोरींनी शिकवलंय, फेकायचं नाय, सगळं सत्त्व त्यातच. पिठात घातलं की भाकर बी लई मऊ होते."

"बाबांच्या भाकरीत?"

"सगळ्यांच्याच. भाजीत थेंब ठेवत नाय मी. डॉक्टरांनी भाजीतलंच काढा म्हणलं व्हतं."

बोलता बोलता ती थांबली. तिचे हात पिठात तसेच राहिले. वडिलांच्या हातात अर्धी भाकरी होती. त्यांनी ती ताटात ठेवली, आईकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. इतके महिने रोज दोन्ही वेळा आम्ही त्यांना ते पाणी भाकरीतून आग्रहानं वाढत होतो.

दुपारी त्यांच्या छातीत धडधड सुरू झाली. रिक्षा करून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. नर्सला इंजेक्शन आणायला सांगून ते आमच्यावर कडाडले, "पथ्य सांगितलं होतं ना? काय खायला घातलं यांना?"

आई पुढं झाली. तिचे ओठ हलले, तेवढ्यात वडील खाटेवरून बोलले.

"केळी खाल्ली साहेब. चोरून. रोज." मग माझ्याकडे बोट केलं. "पोरगी पहिल्यापासून सांगत व्हती. मीच ऐकलं नाय."

डॉक्टर त्यांना लहान मुलासारखं रागावले. वडील माना डोलवत राहिले. मी त्यांना खोटं पाडलं नाही. आई खाटेच्या कडेला उभी होती. तिच्या नखांत सकाळचं पीठ वाळलं होतं. वडिलांनी तिचा हात ओढून चादरीखाली घेतला.