बसायची बाजू

मोहाडीच्या आठवडी बाजारात एक गृहस्थ वांगी विकतात. नाव मी कधी विचारलं नाही. डिस्टोनिया या स्नायूंच्या आजारामुळे त्यांची मान आपोआप उजवीकडे वळते, माझी डावीकडे. भाव करताना त्यांची मान फिरली की गिऱ्हाईक नकार समजतं आणि आपणच भाव वाढवतं. "बिमारी कामाची आहे," ते म्हणतात.

लोक बघतात म्हणून मी वर्षभर बाजार टाळला. यादी नवऱ्याच्या हाती द्यायची. एकदा नाइलाजाने गेले. त्यांनी मला पाहिलं, हनुवटीला बोट टेकवून स्वतःची मान सरळ केली. "ताई, तुमीबी लावून पाहा न." मी लावलं आणि मान थोडा वेळ खरंच सरळ राहिली! तेव्हापासून यादीत पहिलं काम, त्यांच्यासोबत चहा.

परवा आम्ही बाकावर चुकीच्या बाजूंना बसलो. हात कपबशीत अडकलेले, हनुवटीला बोट लावायची सोय नाही; तोंडं दोन दिशांना. चहावाली कळवळली, "काहून भांडून राहिले जी? बोला न!"

सगळे बघू लागले. मी उठून घरी निघणार, तोच ते गंभीरपणे उठले आणि माझ्या डावीकडे येऊन बसले. आता आम्ही समोरासमोर.

"मिटलं जी भांडण," त्यांनी जाहीर केलं.

चहावालीने खुशीत दोघांना बिस्किटं दिली. मी यादीत लिहिलं: पुढच्या बाजारी आधी भांडायचं.