बाटलीभर नाला

घोषणेवर विरजण घालण्यात माझ्या धाकट्या मामाचा हात धरणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडणार नाही. मी पत्रकात 'नाला शुद्ध होणारच!' लिहावं आणि रसायनशास्त्राच्या या निवृत्त प्राध्यापकाने ते खोडून 'रंग काहीसा उतरतो, असे दिसते' करावं. अशा माणसाला घेऊन चळवळ करायची! काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या काड्यांचं रान उगवायचं, त्यावर चांदीचे त्याहून बारीक कण बसवायचे आणि ती पट्टी रंगीत पाण्यात बुडवून उन्हात ठेवायची, हा त्याचा छंद. "काड्या ऊन खातात नि रंग मोडतात. चांदी त्यांना जोर देते." "मग भरपूर लाव की चांदी!" मी म्हणाले. "पुढारीणबाई, काड्याच झाकल्या तर ऊन काय तुझ्या पत्रकावर पाडू?" ही चांदी बसवायचं औषध उजेडात बिघडतं, म्हणून मांडव्याच्या बोटीतून तो त्याची बाटली काळ्या मोज्यात घालून, मांडीवर घेऊन येतो. त्या औषधाने बोटं बारमाही काळी. नाक्यावरचा रिक्षावाला विचारतो, "काय मास्तर, आज पन मतदान?"

रंगाच्या कारखान्याचा लाल नाला आमच्या खाडीत उतरतो. कारखाना म्हणतो, हा रंग निघूच शकत नाही. तो गावासमोर काढून दाखवू, अशी पत्रकं मी वाटून बसले होते. फसलो असतो तर पुढे आमच्या ओरडण्याला कुत्र्यानेही विचारलं नसतं. नेमकं त्या सकाळी मामाचं औषध विरघळवायचं शुद्ध पाणी संपलं आणि मामीने मायेने विहिरीचं भरून ठेवलं. किनाऱ्यावरची विहीर, पाणी मचूळ. औषध पडताच सगळं दुधासारखं पांढरं!

"अगं, मीठ आहे यात!" मामा मटकन खाली बसला.

"जन्मभर याच पाण्याचा चहा पिताय, तेव्हा नाही लागलं!" मामी फणकारली.

रिक्षावाला दारातच होता. "मास्तर, बॅटरीत घालतात ते पानी चालंल? ग्यारेजात क्यान हाय."

मामाने त्याला मिठीच मारली. खाकी शर्टावर काळी बोटं उमटली.

उरलंसुरलं औषध बॅटरीच्या पाण्यात घातलं. पट्टी त्यात बुडवून उन्हात धरली, तशी चांदी बसून ती हळूहळू तपकिरी झाली. मग नाल्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या मांडल्या. एकीत चांदीची पट्टी, दुसरीत बिनचांदीची. कारखान्याचा साहेब छत्रीखाली हसत उभा. दुपार कलली तेव्हा बिनचांदीची बाटली अजून लालसरच होती आणि चांदीची नितळ! माझा जीव भांड्यात पडला.

"बाटलीत ठीक आहे हो," साहेब म्हणाला.

"अगदी बरोबर," मामा म्हणाला. मी कपाळावर हात मारून घेतला. तोच तो शांतपणे पुढे म्हणाला, "फक्त, निघूच शकत नाही असं आता म्हणू नका."

लोक पांगले. मी बाटल्या नाल्यात रिकाम्या करू लागले. मामाने नितळ बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

"ही नको गं. परत कुठे त्यात घालवतेस."

मग ती पोटाशी धरून तो लाल नाल्याच्या कडेने घराकडे निघाला.