वाद्यवृंदाला हवे होते शब्द

तुम्ही कधी दुसऱ्याच्या एका ओळीवर जळला आहात का? माणूस भला, बोलणं गोड, पण ती ओळ आपल्याला सुचली नाही म्हणून घास उतरत नाही, असं?

मी जळलो आहे, इथे कुवेतमध्ये. आमच्या मराठी मंडळाचा वाद्यवृंद सालमियातल्या एका बेसमेंटमध्ये सराव करतो. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम, सगळा जुना थाट. चाल आधी होते. संगीतकार ती नुसती ‘ला ला ला’ करत मोबाइलवर पाठवतात. ज्याचे शब्द बसतील त्याचं गाणं. यंदा वार्षिक कार्यक्रम माझ्या गाण्याने सुरू व्हावा आणि मंचावरून माझं नाव घेतलं जावं, एवढंच मला हवं होतं.

माझे वडील नाशिकला कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकलो तो त्यांवरच. त्याच जोमाने मी रजा न मिळणाऱ्या माणसांवर तीन कडवी लिहिली.

आमची गायिका हवल्लीतल्या दवाखान्यात नर्स आहे. पहिल्याच ओळीवर ती अडली.

“दादा, इथे सूर ताणायचाय आणि तुम्ही ‘हक्क’ ठेवलाय. ताणू काय, कप्पाळ?”

“अर्थ बघ ना.”

“बघते हो. श्वास कुठे घेऊ ते सांगा.”

ड्रमवाला म्हणाला, “ड्रम ठेवून मोर्चाचा डफ आणू का, ताई?”

मग तेलकंपनीतल्या पुण्याच्या काकांचे शब्द आले. एगैलाच्या घरून सरावाला येताना गाडीत सुचले म्हणे. गावाकडची आई फोनवर मुलाला म्हणते, ‘अंथरूण घातलंय, ये ना.’ गायिकेने तो ‘ना’ धरला, ट्रम्पेट हळूच त्याच्याखाली शिरलं, आणि संगीतकारांनी तेच शब्द पक्के केले. माझी तीन कडवी त्या एका ‘ये ना’त मावली होती. मला ते सहन झालं नाही.

कार्यक्रम काकांच्या गाण्याने सुरू झाला. सभागृह सोबत गात होतं. मी हाताची घडी घालून बसलो होतो, आता त्यांचं नाव येणार आणि टाळ्या पडणार म्हणून दात आवळून. निवेदकाने गायिकेचं नाव घेतलं, संगीतकारांचं घेतलं, वादकांचं घेतलं, समोसे देणाऱ्या हॉटेलचंही घेतलं. काकांचं नाहीच.

मध्यंतरात मी त्यांना गाठलं. “काका, तुमचं नाव राहिलं.”

“राहतंच रे. इतकी वर्षं लिहितोय, एकदाही घेतलेलं नाही. समोसा खा, गार होतोय.”

माझी जळजळ थांबली नाही. ती ओळ अजून त्यांचीच आहे. पण मी ज्या जागेसाठी झुरत होतो ती जागा त्यांनाही कुणी दिलेली नव्हती, आणि हे मला मुळीच मान्य नाही.

म्हणून सांगतो, तुमच्या मंडळात पुढचं गाणं संपलं की टाळ्या विरायच्या आत उभे राहा आणि शब्द कोणाचे ते मोठ्याने विचारा. उत्तर मिळेपर्यंत बसू नका.