तोंडातली कोय

बाळांनो,

परवा तुमच्या आईने तुमच्या नव्या पिल्लाचा व्हिडिओ पाठवला. पिल्लाच्या तोंडात कोणाचा तरी मोजा आणि तुम्ही दोघं त्याच्यामागे खुर्च्यांभोवती धावताय. शेवटी थोरल्याने त्याला भिंतीशी गाठलं, जबडा उघडून बोटांनी मोजा ओढून काढला आणि सगळे हसले. आजोबांनी तो व्हिडिओ एकदा पाहिला आणि फोन उपडा ठेवून दिला. मलाही हसू आलं नाही. फोनवर सांगायला गेले तर तुम्ही "हो आजी, हो आजी" म्हणून मोकळे व्हाल, म्हणून लिहिते आहे. मी जन्मभर मुलांना इंग्रजी शिकवलं, पण हे ज्या भाषेत घडलं त्याच भाषेत लिहिणं मला सोपं गेलं. अडेल तिथे आईला विचारा.

आमचा कुत्रा तुम्हाला फोटोंतून माहीत आहे, तुमच्या पिल्लाच्याच जातीचा. तो आणला तुमच्या आत्याने. ती तेव्हा इथेच, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला होती. पगार भरपूर, वेळ मुळीच नाही. पुढे तिची बदली हैदराबादला झाली आणि कुत्रा 'सध्यापुरता' आमच्याकडे राहिला. नागपूरच्या उन्हात असलं केसाळ जनावर पाळू नये, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. पहिल्याच एप्रिलमध्ये त्याने कूलरची वाळ्याची ताटी ओढून काढली आणि पुढचे दोन्ही पाय पाण्यात घालून उभा राहिला. त्यावर उपाय सापडला, कूलरला बाहेरून जाळी ठोकली. दुसऱ्या खोडीवर मात्र उपाय सापडेना.

त्याला दिसेल ते उचलायची सवय होती. चप्पल, लाटणं, आजोबांच्या चष्म्याचं घर, धुवायला काढलेला टॉवेल. उचललं की घरातला प्रत्येक माणूस "अरे सोड, सोड" करत त्याच्यामागे धावायचा. आजोबा सगळ्यांत चपळ होते. बांधकाम खात्यात इंजिनिअर म्हणून उभी हयात गेलेली, आपल्या हाताबाहेर काही जाऊ द्यायचं नाही हा स्वभाव. ते त्याला कोपऱ्यात गाठत, डाव्या हाताने जबडा वर करत आणि उजव्या हाताची बोटं आत घालून वस्तू बाहेर काढत. "काढली," एवढंच म्हणत आणि हात धुवायला जात.

कुत्रा रोज काहीतरी शिकत होता. आधी तो वस्तू घेऊन आमच्यासमोर नाचायचा. मग तो दिवाणाखाली जाऊ लागला. मग आजोबांची पावलं ऐकली की मान फिरवून घशातून बारीक आवाज काढू लागला. आणि एक दिवस, आजोबांचा हात पोहोचायच्या आत, त्याने तोंडातला रुमाल गिळून टाकला. रुमाल दुसऱ्या दिवशी उलटीतून पडला, म्हणून आम्ही ती गोष्ट विसरलो.

मे महिन्यात आजोबांच्या धाकट्या भावाने भिवापूरहून गावरान आंबे आणले. चोखायचे, लहान, धागेदार. मी रस काढत होते आणि कोयी परातीत टाकत होते. कुत्र्याने एक उचलली. आजोबा उठले, त्याला गाठलं, जबडा धरला. त्याने मान वर केली आणि कोय आत गेली. आजोबांच्या बोटांना फक्त रस लागला.

पुढचं थोडक्यात सांगते. त्याचं खाणं बंद झालं. पाणी प्यायला तरी उलटायचं. जमिनीला पोट टेकून तो कूलरसमोर पडून राहिला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि त्याच दुपारी पोट उघडलं. गावरान आंब्याची कोय घशातून उतरण्याइतकी लहान असते, पण आतड्यातून पुढे जाण्याइतकी नाही. ती जिथे अडकली होती तिथलं आतडं काळं पडलं होतं, तेवढा तुकडा कापून टाकावा लागला. तो वाचला. पण टाके काढताना बाईंनी मला स्पष्ट सांगितलं, "पुन्हा तिथेच कापायची वेळ आली तर मी शब्द देणार नाही, काकू. हा कुत्रा जगायला हवा असेल तर त्याच्या तोंडात हात घालणं आजपासून बंद करा."

मी विचारलं, मग वस्तू काढायची कशी? त्या म्हणाल्या, काढायची नाही, बदलायची. या जातीला माणसाने पिढ्यान्‌पिढ्या मारलेली शिकार तोंडात उचलून आणण्यासाठीच वाढवलं आहे. तोंड हा त्याचा हात आहे. तुम्ही दर वेळी लुटता, म्हणून तो आता माल पोटात लपवतो. त्याने गुरगुरून सांगितलं तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत.

घरी येऊन मी हे आजोबांना सांगितलं. ते सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे त्याने चोरी करायची आणि आपण त्याला बक्षीस द्यायचं. नोकरीत कधी लाच घेतली नाही, दिली नाही. आता कुत्र्याला देऊ?"

त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. लाच हा शब्द ते हलक्याने वापरत नाहीत. त्या शब्दापायी त्यांच्या बदल्या झाल्या होत्या, हे तुमच्या वडिलांना विचारा. मी वाद घातला नाही. एवढंच मागितलं की शिकवू नका, पण धावूही नका. ते त्यांनी पाळलं. कुत्र्यानेही त्यांच्यापुरता निर्णय घेतला होता. ते खोलीत आले की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

मी शिकवायला बसले ते शाळेत बसायचे तशीच, रोज ठरलेल्या वेळी, चहानंतर. सुरुवात त्याला फार प्रिय नसलेल्या वस्तूपासून. दोरीचा एक तुकडा त्याच्या तोंडात, उकडलेल्या अंड्याचा तुकडा माझ्या हातात. अंड्यासाठी तोंड उघडलं की त्याच क्षणी "दे" म्हणायचं. अंडं खाऊन झालं की दोरी त्याला परत द्यायची. ही परत देण्याची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे, आणि तीच घरातल्या कोणाला पटत नाही. दिलं म्हणजे गेलं असं नाही, हे त्याला कळायला हवं. दोरीनंतर लाटणं. लाटण्यानंतर चप्पल. आवाज चढवायचा नाही, समोरून चालून जायचं नाही, वाकायचं नाही. मधेच एक घोटाळा झाला. तो मुद्दाम चपला आणून माझ्यासमोर टाकू लागला आणि अंड्याच्या डब्याकडे पाहू लागला. आत्या फोनवर म्हणाली, आई, त्याने दुकान टाकलंय. मग मी त्याच्या स्वतःच्या खेळण्यांवरच "दे" विचारायला लागले, आणि चपला कपाटात गेल्या.

आजोबा समोर खुर्चीत वर्तमानपत्र वाचत असत. वर्तमानपत्र कधी खाली आलं नाही.

पाऊस गेला, थंडी गेली. पुन्हा आंबे आले तसं माझं चित्त थाऱ्यावर राहिना. दोरी आणि लाटणं वेगळं. त्याच्या जिभेला आंब्याची चव आठवत असेल तर माझं अंडं काय पुरणार?

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे पितरांचं पान असतं, आणि पानावर आमरस लागतोच. धाकटे दीर-जाऊ भिवापूरहून आले, आत्या हैदराबादहून आली. मी कुत्र्याला आतल्या खोलीत बंद केलं आणि कोयींसाठी झाकणाची बादली ठेवली. प्रत्येक कोय हातातून थेट बादलीत आणि लगेच झाकण, असं सगळ्यांना बजावलं. दीर म्हणाले, "वहिनी, कोयीले कुलूप लावून राहिल्या तुम्ही. उद्या आम्हाले झडती घेऊन घरी धाडसान." सगळे हसले. मीही हसले, पण बादली त्यांच्याजवळ सरकवली.

पंगत जमिनीवर होती. आजोबांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांची खुर्ची कूलरपाशी. दिरांनी रसानंतर एक आख्खा आंबा चोखायला घेतला. बोलता बोलता कोय त्यांच्या बोटांतून निसटली आणि फरशीवरून घसरत गेली. नेमकी त्याच वेळी आत्या आतल्या खोलीतून कुरडयांचा डबा घेऊन बाहेर आली आणि तिच्या पायांमधून कुत्रा सुटला.

कोय उचलून तो कूलर आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरला. तोंड आमच्याकडे, पाठ भिंतीला. दीर ताटावरून अर्धे उठलेच होते.

"कोणी उठू नका," मी म्हटलं. वर्गात वापरायची तो आवाज. सगळे होते तसे थांबले.

मी पंगतीच्या दुसऱ्या टोकाला होते. मध्ये माणसं, ताटं, समई. मी एक पाऊल टाकलं तर त्याने डोकं वर उचललं आणि कोय दाढांकडे सरकलेली मला दिसली. मी पाऊल मागे घेतलं. त्याच्या सगळ्यांत जवळ आजोबा होते. आणि ज्याच्यापासून तो कोय लपवत होता, तेही आजोबाच होते.

आजोबांनी ताटातले दोन वडे उचलले. खुर्चीचा दांडा धरून, एक एक गुडघा टेकत ते फरशीवर बसले. कुत्र्याकडे तोंड करून नव्हे, आडवे, त्याला खांदा दाखवून. मी हे असंच करायची. पण मी त्यांना ते कधी सांगितलं नव्हतं.

"दे," ते म्हणाले. हाताखालच्या माणसांशी किंवा तुमच्या वडिलांशी तशा मऊ आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

कुत्रा त्यांच्या हाताकडे पाहून गुरगुरला.

"धर ना गा भाऊ त्याले," दीर पुटपुटले. आजोबांनी मान वळवली नाही. वडा त्यांनी फरशीवर ठेवला, बोटाने थोडा पुढे ढकलला आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांवर, तळवे वर करून ठेवले. तसेच बसून राहिले. कूलरचं पाणी टपटपत होतं. जाऊबाईंचा घास तोंडातच होता. कुत्र्याने वड्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, पुन्हा वड्याकडे पाहिलं. हात हलले नाहीत. त्याने मान पुढे केली आणि जबडा सैल सोडला. कोय फरशीवर पडली. वडा त्याने एका घासात संपवला.

कोय त्याच्या पुढच्या पायांमध्ये होती. दिरांनी हात लांबवला.

"हात लावू नको," आजोबा म्हणाले. "अजून त्याची आहे ती."

मग त्यांनी दुसरा वडा त्याला नीट दाखवला आणि दारातून बाहेर अंगणात फेकला. कुत्रा वड्यामागे गेला. आत्याने दार लावून घेतलं. मी कोय उचलून बादलीत टाकली आणि झाकणावर हात ठेवून तशीच उभी राहिले.

 मग दीर म्हणाले, "काहून गा भाऊ, शेवटी लाच देल्लीच ना?"

"देल्ली," आजोबा म्हणाले. एरवी ते दिरांशीही शुद्ध बोलतात. "मले उठव आता."

दुसऱ्या दिवशी चहानंतर त्यांनी माझ्याकडे दोरी मागितली. मी दिली आणि स्वयंपाकघरात गेले. कुत्रा त्यांच्याजवळ यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत ते खुर्चीत दोरी घेऊन नुसते बसत आणि अंडं वाळून गेलं की टाकून देत.

तुमच्या पिल्लाला काय शिकवायचं ते वर लिहिलंच आहे. मोजा फाटला तर फाटू द्या.

आमचा कुत्रा आता म्हातारा झाला आहे. तोंड पांढरं पडलं आहे आणि पोटावर टाक्यांच्या जागी केस विरळच राहिले. उचलायची खोड गेलेली नाही. सकाळी तो काही ना काही उचलून आजोबांच्या खुर्चीपाशी नेतो, ते हात पुढे करतात, आणि तो हातात देतो.